विमानाचे असो वा वाक्याचे

"त्यात एखादं विमान घाल," मामा म्हणाले. "एकच पुरे. पण चांगलं ठसठशीत असू दे."

जणू आमटीत आमसूल घालायचं होतं. मी जेवणाच्या टेबलावर पट्टीनं चौकटी आखत बसले होते आणि मामी समोर शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या.

"विमानच कशाला?" मी विचारलं.

"अगं, पाहुणे विंग कमांडर आहेत ना! शिरोळकर. सव्वीस वर्षं विमानं उडवलीत त्यांनी. आता इथं बंगला बांधून राहिलेत आणि दर रविवारी माझं कोडं सोडवतात. समारंभात फळ्यावर कोडं मांडायचं आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर सोडवायचं, असं पोरेसाहेबांनी ठरवलंय. विमानाचा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला की सभा खूश होईल."

'माझं कोडं' म्हणताना मामा अजिबात अडखळले नाहीत. अडखळायचे दिवस केव्हाच मागे पडले होते.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधली. मी वीस वर्षांची होते. घर गुहागरला, पण कॉलेजसाठी कऱ्हाडला मामांकडे राहत होते. मामा म्हणजे प्रभाकर रिसबूड, एका हायस्कुलाचे हेडमास्तर. गावात त्यांना सगळे 'सर' म्हणत. आणि त्यांची खरी ओळख शाळेपेक्षा 'संगमवार्ता' या आमच्या गावच्या दैनिकातून झाली होती. दर रविवारी शेवटच्या पानावर शब्दकोडं यायचं आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं : 'रचना : प्रभाकर रिसबूड.'

पहिली दोनशे अकरा कोडी खरोखरच त्यांची. मग ते हेडमास्तर झाले. बदल्या, तपासण्या, पालकांच्या तक्रारी यांतून वेळ मिळेना. एका शनिवारी संध्याकाळी ते डोकं धरून बसलेले मला दिसले. "वैजू, हा उजवा कोपरा तेवढा जुळवून दे," म्हणाले. मी दिला. पुढच्या शनिवारी अर्धं कोडं दिलं. तिसऱ्या शनिवारी अख्खं. चार महिन्यांनी ते दारातून नुसतं "झालं का?" विचारायला लागले. मी केलेलं कोडं ते आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढत आणि छापखान्यात नेऊन देत. उतरवताना इतके तल्लीन होत की तेच रचतायत असं बघणाऱ्याला वाटावं. मला वाटतं, त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

खोटं कशाला सांगू, मलाही मजा येत होती. मंगळवारी कॉलेजला जाताना स्टँडजवळच्या सलूनमध्ये डोकावलं की गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून कारागीर पेपरात डोकं घालून उभा असायचा. "सहा उभा सुटंना राव!" तो सहा उभा माझा असायचा. मी हसू दाबत पुढे जायचे. गावात मी कुणीच नव्हते, आणि तरी सगळ्या गावाची रविवारची झोप मी उडवत होते.

पण जानेवारीत 'संगमवार्ता'नं जाहिरात दिली. शिकाऊ उपसंपादक पाहिजे. मी अर्ज केला. संपादक पोरे यांनी मुलाखतीला बोलावलं. गोल चष्म्याचा, सतत सुपारी कातरणारा माणूस. त्यांच्या टेबलावर रविवारची पुरवणी पडली होती आणि तीत माझं कोडं अर्धवट भरलेलं होतं.

"भाषेची आवड आहे म्हणता," पोरे म्हणाले. "तुमचं काही छापून आलंय का?"

मी त्या पुरवणीकडे बघितलं. "नाही," म्हटलं.

"मग आम्ही कशावरून घ्यायचं? घरात एवढे रिसबूड सर आहेत, त्यांच्याकडून शिका काहीतरी."

राग आला की माझ्या तोंडाला चैन पडत नाही. मी म्हटलं, "तुमचं चार उभं चुकलंय. 'याचे घर दोरीवर चालते.' तुम्ही परीट लिहिलंय. ते डोंबारी आहे."

पोरेंनी चष्मा कपाळावर घेतला, पेपर जवळ ओढला, खोडलं, लिहिलं. मग माझ्याकडे बघून हसले. "सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं वाटतं!"

त्या रात्री जेवताना मी मामांना म्हटलं, "मामा, पोरेसाहेबांना एकदा सांगाल का? निदान अलीकडची कोडी मी करते म्हणून?"

मामांनी भाताचे सांडगे चुरले. "सांगू की. साडेतीनशेव्या कोड्याचा समारंभ होऊ दे. आधीच सांगितलं तर लोकांचा उगीच गोंधळ होईल. तुझं वय काय, तुला घाई काय!"

मला घाई होती. गुहागरहून बाबांचं पत्र आलं होतं : एप्रिलमध्ये परीक्षा झाली की निघून ये. देवरुखचं एक स्थळ आहे, मुलाचा काजूचा कारखाना आहे. मला काजूबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण कऱ्हाडात राहायचं तर नोकरी हवी होती, आणि नोकरी हवी तर छापलेलं नाव हवं होतं.

आणि साडेतीनशेचा समारंभ तरी कुणी काढला? मामांनीच. "पाचशेची वाट कोण बघतो?" असं पोरेंना म्हणाले होते.

तर मला विमान घालायचं होतं. तीन दिवस शब्द सापडेना. 'पंख', 'उड्डाण', 'धावपट्टी' हे सगळे कुणीही सोडवील असे. चौथ्या दिवशी मराठीच्या सरांनी माझा निबंध परत दिला. समासात तांबड्या शाईनं एक प्रश्न लिहिला होता. तो वाचला आणि मला शब्द सुचला. घरी येऊन चौकटीत बसवून पाहिला. मग त्याच्या जागी दुसरा एक शब्द बसवून पाहिला. तोही चपखल बसला. मी एकटीच इतकी हसले की मामी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं? बरं आहे ना?"

"मामी, हे ऐका. नऊ आडवा, पाच अक्षरं. 'विमानाचे असो वा वाक्याचे, खुणांशिवाय धोक्याचे.'"

मामींनी भुवया उंचावल्या आणि त्या पोळ्या लाटायला परत गेल्या. मामींचं शिक्षण सातवीपर्यंत. रविवारचा पेपर त्यांच्या हातात दुपारी यायचा, आणि कात्रण वहीत चिकटवायचं म्हणून कोड्यावर काही लिहायची त्यांना मनाई होती.

समारंभाच्या दिवशी मामा सकाळपासून आरशासमोर होते. आभाराचं भाषण पाठ चाललं होतं. "उत्तरांचा कागद दे म्हणजे झालं," मला म्हणाले. मी कागद तयार केला. एक आडवा, चार आडवा, सहा आडवा, सगळी उत्तरं नीट लिहिली. नवाच्या पुढे उत्तर लिहिलं नाही. त्या जागी लिहिलं : 'हे तुम्हाला येईलच.'

मामी मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, वाचला. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. मामींनी कागदाची घडी केली, पाकिटात सारली, पाकिटाच्या तोंडाला डिंक लावला आणि अंगठ्यानं दाबून ते पक्कं बंद केलं.

"अहो," त्यांनी हाक मारली, "हे घ्या. कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. तिथं स्टेजवरच फोडा, बरं दिसेल."

मंगल कार्यालयाचा हॉल भरला होता. निम्मी गर्दी मामांच्या शाळेतल्या शिक्षकांची, कारण त्यांना येणं भाग होतं. उरलेले खरोखरचे कोडंवाले. सलूनमधला कारागीरही स्वच्छ सदरा घालून आला होता. व्यासपीठावर मामा, पोरे आणि विंग कमांडर शिरोळकर. उंच, ताठ, पांढऱ्या मिश्यांचे. बाजूला मोठा फळा, त्यावर मी पांढऱ्या रंगानं चौकट काढलेली. अक्षरं लिहायला खडू घेऊन मीच उभी होते. "तुझं अक्षर चांगलं आहे, तेवढीच मदत," असं मामांनी सकाळी सांगितलं होतं. मामी पहिल्या रांगेत, जांभळ्या इरकलीत.

हार झाले, शाल झाली, नारळ झाला. पोरे म्हणाले, "साडेतीनशे कोडी! एका माणसाच्या डोक्यात किती शब्द असावेत!" मामांनी नम्रपणे मान हलवली.

मग विंग कमांडर उठले. माणूस हुशार होता. भराभर उत्तरं देत गेले, मी लिहीत गेले. दोन ठिकाणी अडले, तर सलूनवाल्यानं मागून सांगितलं. शेवटी नऊ आडवा उरला. पहिलं, चौथं आणि पाचवं अक्षर इतर शब्दांतून आधीच आलं होतं. मधली दोन घरं रिकामी. त्यांच्या वर-खाली मी काळ्या चौकटी भरल्या होत्या, म्हणजे मदत कुठूनच मिळणार नव्हती.

अ, मग दोन रिकामी घरं, मग र, मग ण.

"विमानाचे असो वा वाक्याचे, खुणांशिवाय धोक्याचे," विंग कमांडरांनी मोठ्यानं वाचलं. मिशी चोळली. येरझारा घातल्या. मग एकदम बोट वर करून म्हणाले, "राइट! अपहरण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विमानं पळवल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या, त्यामुळे सगळ्यांनाच पटलं. मी फळ्यापाशी तशीच उभी राहिले आणि शक्य तितक्या भोळ्या आवाजात विचारलं, "लिहू का, मामा?"

"थांब थांब, उत्तर बघतो," मामा म्हणाले. त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. डिंक घट्ट होता. फाडावं लागलं. कागद उलगडला. नवापर्यंत बोट आलं आणि तिथंच थांबलं.

मी त्यांच्या मागे होते. मला फक्त त्यांचे कान दिसत होते. ते हळूहळू तांबडे झाले.

"काय सर?" पोरे म्हणाले.

"बरोबर," मामा म्हणाले. "अगदी बरोबर. अपहरण. लिही."

मी लिहिलं. प आणि ह, दोन्ही मोठ्ठी. पुन्हा टाळ्या. विंग कमांडरांनी वाकून नमस्कार केला. आणि टाळ्या थांबता थांबता पहिल्या रांगेतून आवाज आला.

"अहो, पण खुणांचं काय?"

मामी बसल्या जागेवरूनच बोलत होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"काय म्हणालात, वहिनी?" विंग कमांडर पुढे आले.

"नाही, मला फारसं कळत नाही," मामी म्हणाल्या. "पण अपहरण खुणा करून केलं म्हणजे बिनधोक होतं का? ते अवतरण असणार. आकाशवाणीवर म्हणतात ना, विमानाचं अवतरण झालं. आणि दुसऱ्याचं वाक्य घेतलं की दोन्ही बाजूंना चिन्हं देतात, तेही अवतरण."

माझ्या निबंधाच्या समासातला तांबडा प्रश्नही हाच होता : 'अवतरणचिन्हं कुठे?' मग विंग कमांडरांनी स्वतःच्या कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की माइकमधून आवाज आला.

"धावपट्टीवरच्या खुणा! पट्टे, दिवे, बाण! अहो, सव्वीस वर्षं त्याच खुणा बघून खाली उतरलो मी, आणि मलाच सुचू नये? वहिनी, मी शरण आलो!"

हॉल हसला, टाळ्या पिटल्या. सलूनवाला उभा राहून शिटी मारणार होता, शेजाऱ्यानं त्याला खाली ओढलं. मग विंग कमांडर मामांकडे वळले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"पण सर, तुम्ही तर अपहरण बरोबर म्हणालात?"

आता, मी मनात म्हटलं. आता कसे सुटता!

पण माणूस बावीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला. मामा शांतपणे उठले, शाल सावरली आणि हसून म्हणाले, "मी बघत होतो, सभेत कुणी जागं आहे का!"

केवढ्या टाळ्या पडल्या! पोरे तर टेबलावर थाप मारून हसले. मामा अलगद सुटले होते. तीन दिवस खपून मी लावलेला सापळा त्यांनी उचलून फुलदाणीसारखा टेबलावर ठेवला होता. मी मुकाट्यानं फडकं घेतलं, प आणि ह पुसले आणि त्या जागी व आणि त लिहिले. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, म्हणून फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले.

"सर, आता तुमच्या तोंडून ऐकू द्या," विंग कमांडर म्हणाले. "सुचलं कसं हे? जरा उलगडून सांगा."

उलगडून सांगा म्हटल्यावर मामांना थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ते माइकपाशी गेले. वर्गातला आवाज लागला.

"सोपं आहे. आपण दुसऱ्याचं वाक्य घेतो. घ्यायला काहीच हरकत नाही, मोठेमोठे लोक घेतात. पण घेताना खुणा करायच्या. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, की हे माझं नाही, हे अमक्याचं आहे. मी मुलांना पाचवीपासून हेच शिकवतो. खुणा केल्या, नाव सांगितलं, तर ते झालं अवतरण. आणि दुसऱ्याचं घेऊन खुणा केल्याच नाहीत, आपलंच म्हणून लोकांपुढे मांडलं, तर ते..."

मामा थांबले.

मी वळून बघितलं. ते फळ्याकडे बघत होते. मी प आणि ह नीट पुसले नव्हते. व आणि त यांच्याखाली ते पांढुरके दिसत होते. मामांची नजर फळ्यावरून माझ्यावर आली. मला हसू येईल असं मी चार दिवस धरून चालले होते. ते आलं नाही. माझ्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

सर शब्द विसरले, असं वाटून मागच्या रांगेतून पी.टी.चे जाधव सर मदतीला धावले. "तर ते अपहरण, सर!"

हॉल हसला. मामा हसले नाहीत.

"बरोबर, जाधव," ते म्हणाले. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, सगळा संपवला आणि खाली ठेवला. "मंडळी, आजचं हे कोडं माझं नाही. माझ्या भाचीनं केलंय. वैजयंती फणसळकर. ही काय, फळ्यापाशी उभी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विंग कमांडरांनी मला चक्क सलाम ठोकला. मामा रुमालानं मान पुसत खुर्चीकडे परत निघाले. झालं, मला वाटलं. एवढं पुष्कळ झालं.

"आणि मागच्या रविवारचं?"

मामी. आवाज अगदी घरातला.

मामा अर्धे वाकलेले होते, तसेच थांबले. "मागच्या रविवारचंही," ते माइकपासून लांब राहून म्हणाले.

"आणि दिवाळीचं मोठं?"

"अगं, घरी बोलू आपण."

"घरी तीन वर्षं बोलतेय मी."

आता मात्र हॉल फुटला. शाळेतले शिक्षक तोंडाला रुमाल लावून हसत होते, कारण उघड हसायची सोय नव्हती. विंग कमांडर म्हणाले, "सर, एकदाच काय तो आकडा सांगून टाका. म्हणजे वहिनींनाही बरं आणि तुम्हालाही."

मामा पुन्हा माइकपाशी आले. घसा साफ केला.

"दोनशे बारापासून पुढची सगळी तिची," ते म्हणाले. मग बोट वर केलं, अगदी वर्गात करायचे तसं. "पहिली दोनशे अकरा मात्र माझी आहेत. त्यांतलं एकसुद्धा मी कुणाला देणार नाही!"

त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या या वाक्याला पडल्या.

पोरे मला जिन्यात गाठून म्हणाले, "डोंबारी कसं आलं ते आत्ता कळलं मला." एक मेपासून मी कामावर रुजू झाले. बाबांना पत्र गेलं. देवरुखच्या काजूवाल्यानं पुढे दुसरी मुलगी केली आणि सुखात राहिला. आणि समारंभानंतरच्याच रविवारी शेवटच्या पानावर आलं : 'रचना : वैजयंती फणसळकर.' मी ती ओळ बोटानं चाचपून पाहिली.

पण घरात मामा माझ्याशी बोलत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मामींमार्फत बोलत. "तिला सांग, दूध झाकून ठेवलंय." "तिला विचार, दिवा घालवू का." असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी मी मामींच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

"माझं चुकलं का हो, मामी? चार भिंतींत सांगायला हवं होतं."

"चार भिंतींत सांगून झालं होतं ना?" मामी माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "तू नुसतं कोडं घातलंस. सोडवलं त्यांचं त्यांनी. त्यांच्या जागी दुसरा असता तर 'तर ते' म्हणून खोकला काढला असता आणि खाली बसला असता."

"मग तुम्ही पुढचं का विचारलंत?"

"मी होय?" मामी म्हणाल्या. "मला एकदा तरी माइकसमोर त्यांना प्रश्न विचारायचे होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली."

दुसऱ्या सोमवारी पोरेंनी मला बोलावणं पाठवलं. गेले, तर त्यांनी हसत एक पोस्टकार्ड पुढे केलं. वाचकाचं पत्र होतं.

'महाशय, रविवारच्या कोड्यात रचनाकार बाईंनी ऊर्मी या शब्दाचा पहिला उ ऱ्हस्व धरून तो उसासा या शब्दाशी जोडला आहे. ऊर्मीतला ऊ दीर्घ असतो. रिसबूड सरांच्या काळात असे कदापि घडले नसते. कळावे. एक जुना वाचक.'

अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवलेलं होतं. पण 'ह'ची शेपटी वळवायची ती तऱ्हा मी तीन वर्षं बघितली होती. ती काही माणसाला लपवता येत नाही.

"कोण असेल हो?" पोरे म्हणाले.

"कोण जाणे," मी म्हटलं. "पण बरोबर आहे त्यांचं."

त्या दिवशी जेवताना मी कुणाकडेच न बघता म्हटलं, "ऊर्मीतला ऊ दीर्घ का असतो?"

मामींनी ताटातून मान वर केली नाही. मामांनी घास हातात धरला आणि तोंड उघडलं. पाऊण तास ते बोलत होते. शेवटी ताट वाळलं, हात वाळले, आणि त्यांनी विचारलं, "कळलं का, वैजू?" मी म्हटलं, "कळलं."

मग ते कार्ड येतच राहिलं. दर आठवड्याला नव्हे. चूक असेल तेव्हाच. कौतुकाचं एकही नाही. माझं लग्न झालं, मी गावातच वेगळ्या घरात राहायला गेले, पोरे निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसले, तरी सोमवारी किंवा मंगळवारी पोस्टमन कार्ड टाकून जायचा. 'रचनाकार बाईंनी शब्दकोश उघडण्याची तसदी घ्यावी.' 'सोळा आडव्यातील म्हण अशी नाही. कळावे. एक जुना वाचक.' मी चूक कबूल करून पुढच्या अंकात दुरुस्ती छापत असे आणि खाली 'जुन्या वाचकाचे आभार' असं लिहीत असे. रविवारी मामांकडे गेले की ते ती दुरुस्ती मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "कुणीतरी जाणकार दिसतोय हं हा!" मी म्हणायचे, "असेल बाई." मामी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायच्या. एकोणीस वर्षांत आम्हा तिघांपैकी कुणीही एक अक्षर पुढे बोललं नाही.

दोन हजार तीनच्या भाद्रपदात मामा गेले. दिवस झाल्यावर मी कामावर परतले आणि त्या रविवारचं कोडं करायला घेतलं. सात उभ्यात 'जिजीविषा' हा शब्द येत होता. त्यातली दुसरी 'जी' आडव्या शब्दाशी जुळवताना मी ऱ्हस्व केली. मुद्दाम केली. मुद्रितं तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ती सुटली.

'संगमवार्ता'चा खप तेव्हा अठरा हजार होता. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारीही मी टपालाचा गठ्ठा स्वतः सोडून बघितला. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.